परग्रहावरचा पाहुणा घडवताना: आधी शरीराचा हिशोब, मग चेहरा

विज्ञानकथेत यान उतरतं, दार सरकतं आणि आतून येतो तो माणूसच: दोन हात, दोन पाय, डोकं थोडं मोठं, कातडी हिरवी. कान टोकदार केले, बोटं तीन ठेवली, तरी वाचकाला वेशातला माणूस लगेच ओळखू येतो. बहुतेक नवे लेखक चेहऱ्यापासून सुरुवात करतात म्हणून असं होतं. प्राण्याच्या घडणीत चेहरा सगळ्यात शेवटी ठरतो. त्याआधी तारा, ग्रह, हवा, आकार आणि रक्त यांचा हिशोब झालेला असतो.

शिवाय तुम्हाला पाहुणा हवा आहे. स्वतःच्या ग्रहावरच्या जिवाला तिथलं सगळं मानवतं. पाहुणा मात्र ज्या जगासाठी त्याचं शरीर घडलंच नाही तिथे उभा असतो. त्याला इथे काय सोसत नाही हे एकदा कळलं की कथेतले निम्मे प्रसंग आपोआप मिळतात. खाली एकच नमुना शेवटपर्यंत नेला आहे. आकडे बदलून तो तुमचा करून घ्या.

हाताशी काय हवं

- वर्गमूळ काढणारा कॅल्क्युलेटर. मोबाइलमधला पुरतो.
- अकरावी-बारावीची भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्राची पाठ्यपुस्तकं.
- नासाचा एक्झोप्लॅनेट आर्काइव्ह. फुकट आहे, त्यात दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ६००० हून अधिक खऱ्या ग्रहांच्या नोंदी आहेत. तारा, प्रदक्षिणेचा काळ, मोजता आली असेल तर त्रिज्या आणि वस्तुमान.
- एक हिशोबाचं पान, तीन रकाने: शरीराचं वैशिष्ट्य, त्याचा फायदा, त्याची किंमत. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ते वैशिष्ट्य कथेत घ्यायचं नाही. पंख, विष, चार डोळे, अंधारात दिसणं, काहीही फुकट मिळत नाही.

१. तारा आणि ग्रह ठरवा

चार सूत्रं पुरतात. सगळी मापं पृथ्वी आणि सूर्य यांच्या पटीत धरा.

गुरुत्वाकर्षण = वस्तुमान ÷ त्रिज्येचा वर्ग.
मुक्तिवेग (ग्रहाच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग) = ११.२ × √(वस्तुमान ÷ त्रिज्या) किलोमीटर प्रति सेकंद.
पृथ्वीइतकाच प्रकाश मिळेल असं अंतर = √(ताऱ्याची तेजस्विता).
वर्षाची लांबी = √(अंतराचा घन ÷ ताऱ्याचं वस्तुमान).

आपला नमुना: नारिंगी बटू तारा, म्हणजे सूर्यापेक्षा लहान आणि थंड, वस्तुमान सूर्याच्या ०.७५, तेजस्विता ०.२५, पृष्ठभागाचं तापमान ४७०० केल्विन. ग्रह पृथ्वी-सूर्य अंतराच्या निम्म्यावर. म्हणजे त्याचं वर्ष आपल्या १४९ दिवसांचं. ग्रहाचं वस्तुमान पृथ्वीच्या निम्मं, त्रिज्या ०.८३. गुरुत्वाकर्षण येतं ०.७३ आणि मुक्तिवेग ८.७.

मुक्तिवेग पाहुण्याच्या कथेत फार महत्त्वाचा, आणि तोच सगळे विसरतात. वस्तुमान ५ आणि त्रिज्या १.६ असलेल्या दणकट ग्रहावर तो सुमारे १९.८ होतो. तिथून रासायनिक इंधनाच्या रॉकेटनं बाहेर पडणं इतकं महाग की तिथले हुशार जीव जन्मभर आकाशाकडे नुसते बघत बसतील. जड ग्रहावरचा पैलवान पाहुणा हवाच असेल तर तो वर कसा आला हे आधी सांगा.

त्याहूनही लहान आणि मंद असा तांबडा बटू तारा निवडलात तर एक गोष्ट टाळता येणार नाही. सूर्याला सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा, ४.२४ प्रकाशवर्षांवर. २०१६ साली त्याच्याभोवती सापडलेला ग्रह ११.२ दिवसांत फेरी मारतो. इतक्या जवळच्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहण्याची शक्यता मोठी, जशी चंद्राची आपल्याकडे असते. तिथल्या जिवाला ना दिवस, ना रात्र. अशा पाहुण्यासाठी इथला पहिला सूर्यास्त हाच मोठा प्रसंग ठरेल.

२. तो इथवर कसा पोचला

नासाचं व्हॉयेजर १ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर जातं. त्या वेगानं प्रॉक्सिमा गाठायला ७० हजारांहून जास्त वर्षं लागतील. प्रकाशाच्या १० टक्के वेगानं ४२ वर्षं. पण त्या वेगाला दर किलोमागे सुमारे ४.५ × १०^१४ ज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे हिरोशिमावरच्या बाँबच्या सातपट, एका किलोसाठी. त्यात थांबण्याचा खर्च धरलेला नाही.

याचा शरीराशी थेट संबंध आहे. प्रवासी लहान असेल, झोपून येईल किंवा बीजरूपानं येईल. पृथ्वीवर याला आधार आहे. २००७ साली जलअस्वलं (आठ पायांचे सूक्ष्म प्राणी) उघड्या अवकाशात ठेवून परत आणली तेव्हा त्यांतली काही जिवंत होती. सैबेरियाच्या गोठलेल्या मातीत सुमारे २४ हजार वर्षं पडून राहिलेला रोटिफर हा सूक्ष्म प्राणी पुन्हा हलू लागल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. तुमच्या पाहुण्याच्या ग्रहावर लांब दुष्काळ किंवा लांब हिवाळा असेल तर सुप्तावस्था त्याच्या रक्तातच असेल, यंत्रातून आणावी लागणार नाही. आपल्या नमुन्याला तीच द्या. किंमत: झोपेतून उठल्यावर कित्येक आठवडे अशक्तपणा.

३. आकार: इथे सगळ्यात जास्त कथा पडतात

लांबी दुप्पट केली की हाडाचा छेद चौपट होतो आणि वजन आठपट. गॅलिलिओनं १६३८ मध्ये हे हाडाच्या चित्रानं दाखवलं: तिप्पट लांब केलेलं हाड तेवढ्या मोठ्या प्राण्यात तेच काम करण्यासाठी इतकं जाड करावं लागतं की ते ओळखूच येत नाही.

पाच मिलिमीटरच्या मुंगीला ३०० पट करून दीड मीटरची करा. वजन २ कोटी ७० लाख पट, पायाचा छेद फक्त ९० हजार पट. म्हणजे प्रत्येक पायावर ३०० पट ताण. ती उभीच राहणार नाही. आणि समजा पाय जाड केलेत, तरी ती गुदमरेल. कीटक बारीक नळ्यांतून हवा आत घेतात आणि ती मुख्यतः आपोआप पसरते. पसरायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गानं वाढतो, इथे ९० हजार पट. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी चतुराच्या जातकुळीतल्या कीटकांचे पंख ६५-७० सेंटिमीटरपर्यंत पसरत. तेव्हा हवेत ऑक्सिजन आजच्यापेक्षा बराच जास्त होता, आणि तरीही ते माणसाएवढे झाले नाहीत. कीटकासारखा पाहुणा हवा असेल तर त्याला फुप्फुसं द्या आणि आतून सांगाडा द्या. मग तो कीटक उरत नाही, फक्त तसा दिसतो. चालेल.

खाण्याचा हिशोबही आकारातूनच येतो. उष्ण रक्ताच्या प्राण्याला आराम करताना रोज लागणाऱ्या किलोकॅलरी = ७० × किलोमधल्या वजनाचा ०.७५ वा घात. आपल्या पाहुण्याचं वस्तुमान ६० किलो धरलं तर रोज सुमारे १५००. सरड्यासारखं थंड रक्त दिलंत तर त्याच्या एक-दशांशाच्या आसपास भागेल. यानात शिधा दहापट कमी, पण थंडीच्या सकाळी तो पळू शकणार नाही आणि दमसास कमी. आपण मधला मार्ग घेऊ: उष्ण रक्त, पण शरीराचं तापमान ३० अंश. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो त्याला छळणार आहे.

४. रसायन

सिलिकॉनचे जीव हा नवख्यांचा आवडता खड्डा. कार्बन जळून वायू होतो, तो श्वासावाटे बाहेर टाकता येतो. सिलिकॉन जळून वाळू होते. प्रत्येक उच्छ्वासाला वाळू बाहेर टाकणारा प्राणी विनोदी कथेत शोभेल. पृथ्वीच्या कवचात सिलिकॉन वजनानं चांगला २८ टक्के आहे; कार्बन त्यापुढे नगण्य. तरी जीवसृष्टीनं कार्बनच निवडला.

पाण्याऐवजी दुसरं द्रावक घ्यायचं तर तापमान बघा. आपल्या हवेच्या दाबाला अमोनिया उणे ७८ ते उणे ३३ अंशांत द्रव असतो, मिथेन उणे १८२ ते उणे १६१ मध्ये. रासायनिक क्रिया साधारणपणे दर १० अंशांना निम्म्यानं मंदावतात. शनीच्या टायटन या चंद्रावर, उणे १७९ अंशांत, तुमच्या पात्राला एक वाक्य विचार करायला किती काळ लागेल ते तुम्हीच काढा.

दुसरा खड्डा म्हणजे सूक्ष्मजीवांची चिवटाई मोठ्या प्राण्याला चिकटवणं. १२२ अंशांत वाढणारे सूक्ष्मजीव आहेत. लोणारच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात राहणारे आहेत. २०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं ते अशाच मीठप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे. पण ६० अंशांच्या वर सगळं आयुष्य काढणारा एकही प्राणी माहीत नाही. लाव्हातून चालणारा पाहुणा लिहू नका.

आपला नमुना कार्बन आणि पाण्याचाच ठेवू. एक गोष्ट मात्र बदलू, ती सातव्या पायरीत उपयोगी पडेल. पृथ्वीवरची प्रथिनं डाव्या हाताच्या अमिनो आम्लांची असतात आणि जीवसृष्टीतली साखर बहुतेक उजव्या हाताची. डावा बूट उजव्या पायात जात नाही तसे हे रेणू एकमेकांच्या जागी बसत नाहीत. आपला पाहुणा आरशातला: उजवी प्रथिनं, डावी साखर. बाहेरून काहीच दिसणार नाही.

५. श्वास, रक्त आणि आग

फक्त ऑक्सिजनची टक्केवारी लिहून भागत नाही. टक्केवारी गुणिले हवेचा दाब, हा आंशिक दाब शरीराला कळतो. समुद्रसपाटीला आपल्याकडे ०.२१. नमुन्याच्या ग्रहावर हवेचा दाब ०.७ आणि ऑक्सिजन २५ टक्के, म्हणजे ०.१७५. आता गंमत बघा: महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे, तिथे हा आकडा ०.१८ च्या आसपास येतो. पाहुण्याला मुंबईत उतरवण्यापेक्षा तिथे उतरवा. फक्त पावसाळा टाळा.

निळं रक्त हवं असेल तर ते खरंच असतं. खेकडा, माकूल, ऑक्टोपस यांच्या रक्तात लोहाऐवजी तांबं ऑक्सिजन वाहतं, आणि ऑक्सिजन भरला की रक्त निळसर होतं. किंमत: तेवढ्याच रक्तात ऑक्सिजन कमी मावतो. ऑक्टोपसला तीन हृदयं असूनही तो पटकन दमतो. निळ्या रक्ताच्या पाहुण्याला मैलभर पळवू नका. हिरवं रक्तही आहे, न्यू गिनीतल्या काही सापसुरळ्यांत, पण तो रंग पित्तातल्या द्रव्याचा. ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन त्यांच्यातही लालच.

आगीचं एक वाक्यात: ऑक्सिजन १५-१६ टक्क्यांच्या खाली गेला की लाकूड नीट पेटत नाही, आणि पाण्याखाली तर भट्टीच लागत नाही. भट्टी नाही तर धातू नाही, धातू नाही तर यान नाही. पाण्यात राहणाऱ्या पाहुण्याला यान कुणी बांधून दिलं, हे ठरवा.

६. पूर्वज, हातपाय आणि इंद्रियं

आपल्याला दोन हात आणि दोन पाय असे चारच आहेत कारण ज्या माशांपासून जमिनीवरचे प्राणी आले त्यांना जोडीनं आलेले चार पर होते. हा योगायोग आहे, नियम नाही. बोटं पाच हाही नियम नाही. सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या अकँथोस्टेगा या आद्य चारपायी प्राण्याच्या पुढच्या पायाला आठ बोटं होती. ५० कोटी वर्षांपूर्वी कॅनडातल्या समुद्रात ओपाबिनिया नावाचा प्राणी होता: पाच डोळे आणि पुढे सोंडेच्या टोकाला चिमटा. १९७२ मध्ये त्याचं चित्र शास्त्रज्ञांच्या सभेत दाखवलं तेव्हा लोक हसले. इतकं विचित्र तर पृथ्वीवरच होऊन गेलं आहे, तेव्हा भीड बाळगू नका. फक्त प्रत्येक अवयव पूर्वजाच्या कुठल्या तरी भागापासून आलेला असू दे. सहा पायांच्या पूर्वजापासून चार पाय आणि दोन हात, हे सरळ जमतं. पाठीतून अचानक फुटलेले पंख जमत नाहीत.

काही गोष्टी मात्र वारंवार आणि स्वतंत्रपणे उगवतात. पंख चारदा आले: कीटक, टेरोसॉर (डायनासोरच्या काळातले उडणारे सरीसृप), पक्षी, वटवाघळं. शार्क आणि डॉल्फिन यांचा नातेसंबंध दूरचा, पण अंगाचा बांधा एक. डोळे तर कितीदा तरी. तेव्हा पाहुण्याला डोळे असणं ही लेखकाची आळशी निवड ठरत नाही.

डोळा कुठला रंग बघेल? २८९८ ला ताऱ्याच्या तापमानानं भागा. उत्तर म्हणजे ताऱ्याचा प्रकाश जिथे सगळ्यात प्रखर असतो ती तरंगलांबी, मायक्रोमीटरमध्ये. सूर्यासाठी ०.५०, आपल्या ताऱ्यासाठी ०.६२. म्हणजे पाहुण्याची नजर लालीकडे सरकलेली, ०.४५ ते ०.८७ मायक्रोमीटर धरू. याचे इथले परिणाम बारकाईनं लिहा, कारण वाचकाला खरं तर हेच आवडतं. सीसीटीव्हीचे रात्रीचे अदृश्य दिवे बहुधा ०.८५ मायक्रोमीटरवर चालतात. त्याला ते टॉर्चसारखे लख्ख दिसतील आणि तुमचा पहारेकरी मात्र अंधारात चाचपडत असेल. गडद जांभळी वांगी त्याला कशी दिसतील कुणास ठाऊक. मोबाइलचा पडदा तीनच रंगांच्या ठिपक्यांतून माणसाच्या डोळ्याला फसवतो. त्याच्या डोळ्याला ती फसवणूक लागू पडणार नाही. फोटोतला माणूस त्याला भलत्याच रंगाचा दिसेल आणि समोरच्या माणसाशी जुळणार नाही.

उष्णता पाहणारं इंद्रिय द्यायचं असेल तर सह्याद्रीतल्या चापडा सापाकडे बघा. नाकपुडी आणि डोळा यांच्या मधल्या खळग्यानं तो उंदराची ऊब टिपतो. पण चित्र धूसर असतं. त्यानं वर्तमानपत्र वाचता येत नाही.

मेंदूबद्दल एवढंच: माणसाचा मेंदू वजनाच्या २ टक्के आणि ऊर्जेच्या २० टक्के. इतकं महाग यंत्र चरत हिंडणाऱ्या प्राण्याला परवडायला सकस अन्न लागतं. ऑक्टोपसला सुमारे ५० कोटी चेतापेशी, त्यांतल्या दोन-तृतीयांश बाहूंत, पण बहुतेक जाती एक-दोन वर्षांत मरतात आणि आई पिल्लांना काही शिकवायच्या आत संपते. यान बांधणाऱ्या जातीला लांब बालपण आणि जिवंत आजी-आजोबा हवेत. वय सांगताना वर्ष बदलायला विसरू नका: आपल्या २० वर्षांच्या पाहुण्याचं त्याच्या पंचांगानं वय ४९.

७. पृथ्वीवरचे पहिले काही दिवस

इथपर्यंत मांडलेले आकडे आता वसूल करायचे.

वजन. १ ÷ ०.७३ = १.३७. साठ किलोच्या पाहुण्याच्या पाठीवर कुणी २२ किलोचं पोतं कायमचं बांधलं आहे, आणि ते झोपतानाही उतरत नाही. तो बसून बोलेल, जिना टाळेल, उठताना त्याला भोवळ येईल. वस्तू त्याच्या अंदाजापेक्षा लवकर खाली पडतील, त्यामुळे झेलताना हात नेहमी उशिरा जाईल.

ऊब. शरीर ३० अंश, म्हणजे कातडी साधारण २७. घाम किंवा ओली कातडी शरीर थंड करते ती फक्त ओलं कापड गुंडाळलेली तापमापी जो आकडा दाखवते तिथपर्यंत. मे महिन्यात कोकण किनाऱ्यावर तो २६ ते २८ असतो. त्याच्या अंगातली उष्णता जाणार कुठे? काही तासांत तापानं फणफणेल. माणसासाठी ही मर्यादा ३५ मानतात, म्हणून शेजारी उभा असलेला मच्छीमार नुसता घामाघूम दिसेल आणि पाहुणा मरणाच्या दारात.

जेवण. आरशातल्या शरीराला आपली भाकरी, डाळ, मटण यांतलं जवळपास काहीच पचणार नाही. पोट भरेल आणि तो उपाशी राहील. रोज १५०० किलोकॅलरी, कोरडा शिधा १०० ग्रॅमला ४०० धरला तर दिवसाला ३७५ ग्रॅम, महिन्याला ११ किलोच्या वर. त्यात जास्त वजन वाहण्याचा खर्च मिळवा. पण काही साध्या रेणूंना डावा-उजवा हात नसतो: पाणी, मीठ, मद्यार्क, व्हिनेगरमधलं आम्ल, ग्लिसरीन, तेला-तुपातली साधी स्निग्धाम्लं. त्याच्या शरीरात ती मोडण्याची सोय असेल तर भात बाजूला सारून तो नुसती तुपाची वाटी पिईल. हा प्रसंग कुठल्याही स्पष्टीकरणापेक्षा वाचकाच्या लक्षात राहील.

जंतू. इथल्या सर्दीनं परग्रहवासी मरतो हा शेवट आता वापरू नका. विषाणूला यजमानाच्या पेशीतली नेमकी यंत्रणा लागते. ती इथे जुळतच नाही. खरी भीती उलट्या दिशेनं आहे. आरशातले जिवाणू आपल्या प्रतिकारशक्तीला बहुधा नीट ओळखू येणार नाहीत. असे जिवाणू प्रयोगशाळेत बनवू नयेत असा इशारा २०२४ च्या डिसेंबरात ३८ शास्त्रज्ञांनी मिळून दिला होता. पाहुण्याच्या पोटातले जिवाणू आपल्या मातीत पडले आणि त्यांना खाण्याजोगं काही सापडलं, तर? पाहुणा सज्जन असूनही धोका खरा राहतो, आणि खलनायक लागत नाही.

८. कागदावर उतरवताना

हिशोबाच्या पानावरचे वीस मुद्दे असतील तर तीन-चार हजार शब्दांच्या कथेत चार-पाचच दाखवा, आणि तेही कृतीतून. 'त्याच्या ग्रहाचं गुरुत्वाकर्षण ०.७३ होतं' हे वाक्य खोडा. तो तिसऱ्या पायरीवर थांबतो, कठडा धरतो, एवढं पुरे. बाकीचे आकडे तुमच्याजवळ राहू द्या. चौथ्या प्रकरणात त्याला उडी मारायला लावायचा मोह झाला की ते तुम्हाला अडवतील.

मसुदा झाल्यावर तीन वाचक शोधा. एक डॉक्टर किंवा पशुवैद्य, त्याला विचारा: हा इथे कशानं आजारी पडेल? एक इंजिनिअर, त्याला विचारा: यानाचा खर्च कुठे जुळत नाही? आणि एक दहा वर्षांचं पोर. ते हमखास विचारेल, हा शी-शू कुठे करतो. उत्तर तयार ठेवा. मासे नायट्रोजनचा कचरा अमोनिया म्हणून सोडतात, त्याला भरपूर पाणी लागतं. आपण युरिया बनवतो, पाणी मध्यम. पक्षी आणि पाली युरिक आम्ल बनवतात, पाणी सगळ्यात कमी. पालीच्या लेंडीचं पांढरं टोक म्हणजे तेच. यानात पाण्याचा थेंब थेंब मोजून वापरणाऱ्या पाहुण्यासाठी हाच पर्याय लिहा, आणि तिसऱ्या रकान्यात किंमत टाका: ते बनवायला ऊर्जा जास्त लागते, तेव्हा शिध्याचा आकडा पुन्हा एकदा वाढवा.